लाकडी दस्त्यावरचा आळ

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ज्या घरांत शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, त्यांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. बंदुकीचा लाकडी दस्ता आपल्या पावसाला टिकत नाही, तो फुगतो, तडकतो, त्याला वाळवी लागते; लष्कराने आणि पोलिसांनी लाकूड केव्हाच सोडले; तुम्हीही तो दस्ता काढून फायबरचा बसवा, नाहीतर जुनी बंदूक देऊन टाका आणि फायबर दस्त्याची नवी घ्या. सल्ला देणारे आपलेच लोक असतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण हा सल्ला चुकीचा आहे. तो पाळला तर घरातली नीट चालणारी बंदूक निकामी होते, आणि तिच्या जागी दुसरी मिळेलच याची कुणी हमी देत नाही. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

ही बंदूक आधी कुणाची आणि कशासाठी, ते पाहू. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई या पट्ट्यात भात निसवले की रानडुकरांची धाड सुरू होते. एक कळप एका रात्रीत खातो त्याहून जास्त तुडवतो. यासाठीच १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. हा परवाना शिकारीचा नव्हे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि उभ्या पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायचे तर त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली आधी परवानगी लागते. एरवी शेतकरी करतो ते इतकेच की माळ्यावर राखणीला बसतो आणि कळप उतरला की हवेत बार काढतो.

दुसरी गोष्ट सल्ला देणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. शहापूर तालुक्याचा मोठा भाग तानसा अभयारण्यात किंवा त्याच्या आसपास आहे. वन्यजीव कायद्याचे चौतिसावे कलम सांगते, की अभयारण्याच्या आत किंवा सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने शस्त्राची नोंद वन विभागाकडे केली पाहिजे, आणि या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. अट योग्य आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण तिचा अर्थ समजून घ्या. या गावांतली बंदूक बहुतेक वेळा बापाकडून किंवा आजाकडून आलेली असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक वारला, सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, की वारसाला परवाना मागता येतो. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयातही करता येत नाही. तेव्हा दुकानात दोन बंदुका शेजारी ठेवून हवी ती निवडावी, असा हा प्रश्नच नाही. घरात असलेल्या एका जुन्या बंदुकीचे काय करायचे, हा प्रश्न आहे.

आता लष्कराचा दाखला. अमेरिकी सैन्याच्या एम-१४ रायफलींचे अक्रोडाचे दस्ते व्हिएतनामच्या दमट जंगलात फुगले, नेम हलू लागला आणि फायबरग्लासचे दस्ते आले, ही हकीकत खरी आहे. आपली इन्सास रायफलही पहिल्यापासून फायबरच्या अंगाची. पण एम-१४ चा नेम का हलला? रायफलीची आटे असलेली नळी आणि तिची यंत्रणा लाकडात कोरलेल्या खाचेत घट्ट बसलेली असते. लाकूड फुगले की त्या खाचेचा दाब बदलतो, आणि शेकडो मीटरवर एकच गोळी नेमक्या ठिकाणी पोचवायची असते तेव्हा एवढा बदलही भारी पडतो. आपल्या शेतकऱ्याची बंदूक गुळगुळीत नळीची आणि छऱ्यांची आहे, तिचा पल्ला तीस-चाळीस यार्डांचा. दुनळीत तर नळ्या मागच्या दस्त्यात बसवलेल्याच नसतात. त्या लोखंडी यंत्रणेला अडकतात आणि पुढचा लाकडी भाग नुसता खालून धरलेला असतो. मागचे लाकूड कितीही फुगले तरी नळ्या ढकलण्याचा मार्गच त्याला नाही. ठासणीच्या बंदुकीची नळी लाकडात बसते हे मान्य, पण वीस-पंचवीस यार्डांवर छर्रे जेवढे पसरतात त्यापुढे लाकडाच्या फुगण्याने पडणारा फरक हिशोबातही धरावा लागत नाही.

लष्कराने लाकूड सोडले त्याला पावसापेक्षा मोठे कारण होते. साच्यातून लाखो दस्ते एकसारखे निघतात, एक मोडला की दुसरा बसतो, आणि हे काम करायला सैन्यापाशी शस्त्रागार आणि कारागीर असतात. ती सोय डोळखांबच्या शेतकऱ्यापाशी नाही. शिवाय लष्करानेच लाकूड सांभाळायलाही आपल्याला शिकवले होते. ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफली बनत, तेव्हा पुढचे लाकूड फाटू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घालत. जगभरचे जाणकार आजही त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. लाकडी दस्त्याच्या या रायफली महाराष्ट्राच्या पोलिसांनी कोकणच्या पावसासकट कित्येक दशके वापरल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीही मुंबईत काही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या. त्यानंतर त्या बदलायची निकड लागली ती त्यांचा वेग कमी पडला म्हणून, लाकूड कुजले म्हणून नव्हे. आणि फायबर काही अमर नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिन थंडीने तडकल्याच्या तक्रारी आल्याच होत्या. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण ऊन आहे. स्वस्त प्लॅस्टिक वर्षानुवर्षे उन्हात राहिले की ठिसूळ होते, स्क्रूभोवती तडा जातो, आणि मुठीवर चढवलेले मऊ रबर दमट उष्ण हवेत चिकट होऊन सुटू लागते. लाकडाला तडा गेला तर तो सांधता येतो, झिजले तर तुकडा बसवता येतो. साच्यातल्या पोकळ दस्त्याला तडा गेला की तो फेकायचा.

पावसाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला लांबून उत्तर देऊन भागणार नाही. इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माळशेजच्या बाजूला त्याहून जास्त, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरातले कपडेसुद्धा दिवसेंदिवस वाळत नाहीत. अशा हवेत लाकूड ओल घेते आणि एप्रिल-मे महिन्यांत ती सोडते. पण ते फुगते आडवे. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ बदलतच नाही. म्हणून ज्या दस्त्याची रेषा मुठीत धरायच्या बारीक भागातून सरळ आरपार गेली आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ज्याची रेषा तिथे तिरकी कापली गेली, तो पहिल्या धक्क्यातच फुटण्याची भीती असते. तिथे दोष पावसाचा नसतो, फळी निवडणाऱ्याचा असतो.

ओल शिरते कुठून तेही माहीत असायला हवे. दस्त्याच्या चकचकीत अंगावरून ती फारशी शिरत नाही. खांद्याला लागणाऱ्या टोकाची पट्टी काढून पाहा. तिच्याखालचे लाकूड बहुतेक वेळा कोरडे, उघडे, रंगसुद्धा न लागलेले असते. यंत्रणेखालची खाच तशीच, स्क्रूची भोकेही तशीच. लाकडाच्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी पडलेली असतात आणि पाणी तिथूनच ओढले जाते. या तीन जागांना जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे बेल तेल, थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करून पाजावे. बाकीच्या दस्त्यालाही तेच तेल तळव्याने चोळून, एक हात नीट वाळल्यावर दुसरा, असे पातळ हात द्यावेत. लाखेचे पॉलिश दिसायला सुरेख, पण ओल लागली की ते पांढरे पडते. आपल्या हवेत ते दस्त्यावर नको.

आणि खरे सांगायचे तर आपल्या भागातले दस्ते पाण्यापेक्षा तेलाने जास्त बिघडतात. बंदूक साफ केली की नळीत आणि यंत्रणेत मशीनचे तेल सोडतात आणि ती नळी वर करून लोखंडी कपाटात उभी ठेवतात. ते तेल हळूहळू खाली उतरते आणि दस्ता यंत्रणेला जिथे जोडतो त्या लाकडात मुरते. काही वर्षांत तिथले लाकूड काळे आणि मऊ पडते, प्रत्येक बाराचा धक्का त्याच मऊ जागेवर बसतो, आणि एके दिवशी तिथे चीर दिसते. मग लोक म्हणतात, पावसाने दस्ता गेला. जुन्या घरांत बंदूक भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. त्या पद्धतीत हे होत नव्हते. उभीच ठेवायची असेल तर साफसफाईनंतर निदान काही दिवस नळीचे तोंड खाली करून ठेवावी. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट आणखी वेगळी. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे नळी गरम पाण्याने धुवावीच लागते, आणि ते पाणी खाचेत उतरते. धुतल्यावर खाच पुसून कोरडी केली की काम झाले.

वाळवीविषयी एवढेच, की सागाच्या आणि शिसवीच्या गाभ्याच्या लाकडाला ती सहसा लागत नाही, अक्रोडाला लागते. ती येते मातीच्या भिंतीतून आणि जमिनीतून. बंदूक भिंतीला टेकवून कोपऱ्यात ठेवू नये.

दस्ते खराब होण्याची आणखी एक वेळ आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला आला. म्हणजे ऐन भातकापणीचे दिवस. राखणीचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे, पण इथे दस्त्यापुरते बोलतो. ओलसर खोलीत एकमेकींना टेकून ठेवलेल्या बंदुकांचे हाल होतात. जमा करण्याआधी दस्त्याला तेलाचा हात द्यावा आणि बंदूक जाड सुती कापडात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. आत घाम धरतो आणि नळीही गंजते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो. छऱ्यांच्या बंदुकीला पुढे माशी असते, मागे नेमाची खाच बहुधा नसतेच. मागचा नेम म्हणजे नेमबाजाचा डोळा, आणि तो डोळा कुठे येईल हे दस्ता ठरवतो. गाल जिथे टेकतो ती कड उंच असली तर डोळा वर राहतो आणि बार वर जातो. खाली असली तर बार खाली. हिशोब साधा आहे. डोळ्यापासून माशीपर्यंत छत्तीस इंच अंतर धरले आणि डोळा पाव इंच वर राहिला, तर चाळीस यार्डांवर बार दहा इंच वर जातो. राखणीला बसलेल्या माणसाच्या हातात असा बार धोकादायक असतो, कारण पलीकडच्या शेतात, पलीकडच्या माळ्यावर दुसरे कुणी बसलेले असते.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या लांबीचेही असेच. तयार दस्ते साधारण चौदा-साडेचौदा इंच लांबीचे असतात. ते माप उंच, लांब हातांच्या माणसासाठी धरलेले आहे. आपल्याकडचा ठाकूर, कातकरी किंवा कुणबी शेतकरी सव्वापाच फुटांचा असेल तर तो दस्ता खांद्याला आणताना काखेत अडकतो, अंधारात गडबडीत तो खांद्याऐवजी दंडावर बसतो, आणि धक्का दंडाला बसतो. बापाची बंदूक मुलाकडे आली की हाच प्रश्न येतो, कारण दोघांची उंची, मान, गालाचे हाड वेगळे असते. लाकडाला याचे उत्तर आहे. अर्धा इंच कापता येतो, लांबी कमी असेल तर टोकाला तुकडा जोडता येतो, गालाची कड कानशीने उतरवता येते, आणि कुशल कारागीर तापवलेल्या तेलाच्या उष्णतेने दस्त्याची मान थोडी वाकवूनही देतो. पोकळ प्लॅस्टिक अर्धा इंच कापले की आत भोकच उघडे पडते.

यावर मला उत्तर मिळते की आजकाल पट्ट्या घालून लांबी बदलता येणारे फायबरचे दस्तेही असतात, आणि ऑलिंपिकच्या नेमबाजांच्या रायफली पाहा, त्यांत लाकूड कुठे आहे? जरूर पाहा. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातल्या आधुनिक रायफलींचे दस्ते बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांत गालाची पट्टी, खांद्याची पट्टी, हाताची टेक, सगळे स्क्रूने हलवता येते. का? दस्ता शरीराला बसला नाही तर पदक येत नाही, हे त्या खेळात सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून. त्यांनी लाकूड सोडले ते दस्ता शरीराला अधिक नेमका बसवता यावा यासाठी. म्हणजे तो दाखला माझ्याच बाजूचा आहे. आणि पट्ट्यांचे फायबर दस्ते येतात ते विशिष्ट पंप बंदुकांसाठी, ज्यांचा दस्ता एका लांब बोल्टने मागून आवळलेला असतो.

दुनळीचे तसे नाही. तिच्या दस्त्याचे पुढचे टोक यंत्रणेच्या लोखंडात बोटभर आत कोरून बसवलेले असते, आणि हे कोरीव काम प्रत्येक बंदुकीचे वेगळे. जुन्या इंग्रजी बंदुका असोत, मुंगेरच्या असोत की जम्मूच्या, एकीचा दस्ता दुसरीला सरळ बसत नाही. ठासणीच्या बंदुकीला तर काही मापच नाही. ज्याने घडवली त्याच्या पटाशीने तिची खाच ठरवली. अशा बंदुकीला फायबरचा तयार दस्ता बसवायचा म्हणजे लोखंड घासायचे, नाहीतर मधे पाचर मारायची, आणि दोन्हींत बंदूक सैल होते. जी बंदूक बार होताना दस्त्यात हलते ती कुणीही वापरू नये. हलक्या दस्त्याचेही कौतुक केले जाते. तीन किलोच्या दुनळीचे वजन पाव किलोने उतरले तर तिच्या धक्क्याचा जोर सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो, आणि मागचे वजन गेल्यामुळे नळ्या पुढे झुकतात. रात्रभर माळ्यावर बसलेल्या माणसाला त्यात कसला फायदा?

लाकूड वापरले की जंगल तुटते, असेही एक म्हणणे आहे. वीस इंच लांब, सहा इंच रुंद, अडीच इंच जाड फळीतून मागचा दस्ता निघतो. म्हणजे एका घनफुटाच्या सुमारे सहाव्या भागाइतके लाकूड. तेही लाकूड वन विभागाच्या आगारातल्या लिलावातून आलेला सुका साग असू शकतो. आणि आपण बोलतो आहोत ते आधीच बनलेल्या, घरात असलेल्या दस्त्यांबद्दल. ते ठेवल्याने एकही झाड तुटत नाही.

फायबरला माझा सरसकट विरोध नाही. खाऱ्या वाऱ्यात बोटीवर किंवा खाडीच्या काठी पहारा करायचा असेल, एकच बंदूक पाळीपाळीने अनेक पहारेकरी वापरणार असतील, रोज गाडीतून आपटत न्यायची असेल, आणि बंदूक मुळातच फायबरच्या दस्त्यासाठी घडवलेली असेल, तर फायबरच बरा. तिथे काळजी घेणारा एक मालक नसतो, त्यामुळे काळजी न मागणारी वस्तू हवी. शेतकऱ्याच्या घरातल्या बंदुकीला मालक असतो.

लाकडी दस्त्याची खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे लक्ष वेधायचे तर इथेच वेधतो. दस्ता दुरुस्त करणारे उरलेले नाहीत. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातला सुतार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे बंदूक सोपवता येत नाही, सोपवूही नये. परवान्याचे दुरुस्तीकार शहरात, आणि त्यांच्यातही लाकडात हात चालणारा दुर्मीळ. रंधा, पटाशी आणि कानस घेऊन लोखंडाला काजळी लावून लाकडात उमटलेला ठसा पाहत खाच जुळवत नेणारा कारागीर गेला की त्याच्या जागी कुणी येत नाही, आणि मग दुकानदार फायबर सुचवतो, कारण तेवढेच त्याला देता येते. मागणी करायची तर याची करावी. परवाना नूतनीकरण आता पाच वर्षांनी येते. त्या वेळी जिल्हा प्रशासनाने परवानाधारक दुरुस्तीकारांना बोलावून शहापूर आणि मुरबाडला तपासणीचे दिवस ठेवावेत. दस्त्याची मान, यंत्रणेजवळची चीर, टोकाची पट्टी, सगळे तिथेच पाहिले जाईल आणि धोकादायक बंदुका वेळेत बाजूला काढता येतील. आणि ज्यांचे हात लाकडात तयार आहेत अशा तरुण सुतारांना परवानाधारक दुरुस्तीकारांच्या हाताखाली हे काम कायदेशीरपणे शिकता यावे. आपल्या दोन तालुक्यांत सागाचे काम जाणणारी घरे अजून आहेत.

तोवर ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, टोकाची पट्टी उघडून आतले लाकूड एकदा पाहावे. काळे आणि मऊ असेल तर बार काढू नये, दुरुस्तीकाराकडे न्यावी. कोरडे आणि उघडे असेल तर त्याला तेल पाजावे.